देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, मग दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची कशाला?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दर रविवारी चर्चमध्ये मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं वाचायला लागले की तुमचं लक्ष घड्याळाकडे जातं. जाऊ द्या. अशा प्रार्थनेचा आमच्या घराला जो चटका बसलाय, त्यापुढे तुमचा कंटाळा परवडला.

उत्तर आधी देऊन टाकतो. देवाला माहिती पुरवायला ही प्रार्थना नसतेच. इस्राएल लोकांनी राजा हवा म्हणून हट्ट धरला, शमुवेल संदेष्ट्याला बाजूला सारलं, तरी तो त्यांना सांगतो की तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडलं तर ते परमेश्वराविरुद्ध पाप होईल. म्हणजे ही सवडीने करायची गोष्ट नाही, कर्तव्य आहे. आणि तेही ज्यांनी आपल्याला दुखवलं त्यांच्यासाठी. यापुढचं धर्मशास्त्र तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. मला वेगळंच सांगायचंय.

आम्ही नगरचे. (कागदोपत्री नाव बदललं, आमच्या तोंडातलं अजून नाही.) धाकटा भाऊ एमआयडीसीत लागला आणि हळूहळू प्यायला लागला. घरात आम्ही त्यावर खिडक्या लावून बोलायचो. आत्याला कुठून तरी कळलं. शुक्रवारच्या घरगुती प्रार्थना सभेत सगळे चटईवर डोळे मिटून बसलेले असताना तिने सुरुवात केली, "हे प्रभू, आमच्यातल्या एका तरुणासाठी आम्ही तुझ्या चरणी येतो. त्याचं नाव तुला ठाऊक आहे." नाव ठाऊक होतं, पण बाकीचं प्रभूला बहुधा ठाऊक नसावं, कारण आत्या ते सविस्तर सांगत गेली. तरुण कुठल्या शिफ्टला जातो, गाडी कुठल्या पुलाजवळ घसरली, त्याच्या आईच्या पाटल्या हल्ली हातात का दिसत नाहीत. आमेन झालं, चहाचे कप फिरले, खारीचा डबा फिरला आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या आईच्या हाताकडे. पुढे भावाचं जमत आलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांचा निरोप आला, "आम्हीही त्याच्यासाठी प्रार्थना करतोय."

त्या सभेला मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई होत्या. तिथे त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर भावाशेजारी येऊन बसल्या आणि सरळ विचारलं, "तुझ्यासाठी काय मागू रे?"

भाऊ फटकन म्हणाला, "दारू सुटू दे, हे सोडून काहीही मागा." मग बराच वेळ चपलेच्या टोकाने ओट्याचा पोपडा उकरत राहिला आणि म्हणाला, "झोप लागू दे म्हणा. रात्रपाळी करून आलो की डोळाच लागत नाही. पिऊनच लागतो."

आम्ही सख्खी माणसं, एका छताखाली राहणारी. हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. बाई तेवढंच मागत राहिल्या आणि येत राहिल्या. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, हे नर्स असल्यामुळे त्यांना पक्कं माहीत. म्हणून डॉक्टरकडे त्याच घेऊन गेल्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार द्यायला जमतात तिथे, जायला त्यांनीच तयार केलं. भाऊ आज पीत नाही.

आत्या सांगत फिरते, "माझ्या प्रार्थनेने सुटली." दर नाताळला करंज्या तळताना हा वाद ठरलेला. तिचा हुकमी एक्का म्हणजे पुणे जिल्ह्यातलं केडगाव. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायका रोज जमून भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करत होत्या आणि तिथे मोठं संजीवन झालं, म्हणजे विश्वासाची मोठी लाट उसळली. मग चारचौघांत मागायला तू कोण नको म्हणणारा? कबूल. पण रमाबाईंनी त्याआधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतात स्वतः जाऊन शेकडो उपाशी मुली आणल्या होत्या, त्यांना जेवू घातलं होतं, शिकवलं होतं. तू आमच्याकडे फिरकली तरी होतीस का, आत्या?

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिमोन पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आत्या लगेच म्हणते, तेव्हा बाकीचे शिष्य बसलेले होतेच की! होते. पण येशू त्याच्याशी बोलत होता, त्याच्याबद्दल नाही. आणि त्याच रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. साक्षात प्रभूने प्रार्थना केली तरी माणूस आधी पडला, मग उठला. तेव्हा कुणाच्या प्रार्थनेने काय झालं याचा हिशेब मांडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

आता एवढं लिहिल्यावर खुलासा करायला हवा. सभेत नाव घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. ऑपरेशन असतं, घरात मयत झालेली असते, तेव्हा अख्ख्या मंडळीने नाव घेऊन मागावं. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला त्याचा फार आधार असतो. फक्त आधी त्याला विचारा. आणि प्रार्थना चालू आहे म्हणून गोळ्या बंद करणाऱ्यांशी मी बोलतही नाही.

तुम्ही पुढच्या रविवारी घड्याळ बघत बसण्यापेक्षा यादीतलं एक नाव उचला, त्याच्या घरी जा आणि काय मागू ते विचारा. तुम्ही धरून चालला होता ते बहुतेक वेळा नसतंच.

बायबलमधल्या ईयोबाचा दाखला मला कुणी देऊ नका. ज्या मित्रांनी त्याला बोलून बोलून छळलं त्यांच्यासाठी त्याने प्रार्थना केली, हे मलाही माहीत आहे. आत्यासाठी मी करतो. काय मागतो ते इथे लिहीत नाही. तिच्या सभेतल्या दोघीतिघी इथे वाचायला असतात.