ठोका चुकतो की धाडकन बसतो?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. वय 52, फोंड्याला राहते. हल्ली रात्री आडवं पडलं की छातीत ठोका चुकतो आणि लगेच एक धाडकन बसतो, गळ्यातही काहीतरी उडतं. दवाखान्यात ईसीजीत रेट 76 आला, पण तेव्हाच बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर पल्स 38! ‘व्हीपीसी आहेत, घाबरू नका’ म्हणाले. खरा आकडा कुठला? हार्ट मधेच पंपिंग थांबवतं का?

उत्तर : ताई, थांबत काही नाही, आणि ऑक्सिमीटरही बिघडलेला नाही. ईसीजी विजेचे ठोके मोजतो, ऑक्सिमीटर बोटापर्यंत पोचलेली रक्ताची लाट. 38 म्हणजे बरोबर निम्मे, म्हणजे तेव्हा एक नॉर्मल, एक अवेळी (व्हीपीसी म्हणजे हाच, हृदयाच्या खालच्या कप्प्यातून आलेला अवेळी ठोका) असं आड एक चाललेलं असणार, आणि अवेळी ठोक्यांची लाट बोटापर्यंत आलीच नाही.

का नाही आली? हृदय भरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. व्हीपीसीत खालचा कप्पा घाई करतो, भरायचा वेळच कापला जातो, त्यात वरचा कप्पा शेवटी ढकलून जे रक्त भरतो तेही मिळत नाही, मग अर्धी कळशी ओतल्यासारखं थोडंसंच रक्त बाहेर पडतं. वरचा कप्पा बिचारा आपल्या वेळेवर आवळतो पण मधली झडप तोवर बंद झालेली, म्हणून रक्ताचा धक्का उलटा मानेच्या शिरेत जातो, तीच तुमची गळ्यातली उडी. मग जरा लांब पॉज, त्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका जोरात पडतो. म्हणजे ज्या धाडकनला तुम्ही घाबरता तो चांगला ठोका, चोर त्याच्या आधीचा!

आता किती आहेत ते बघायला हवं. दिवसाला साधारण 1 लाख ठोके पडतात, त्यात 10 टक्क्यांच्या वर व्हीपीसी महिनोन् महिने राहिल्या तर काहींचा पंप हळूहळू ढिला पडतो, पण औषधाने किंवा अॅब्लेशनने (नळी घालून ते अवेळी ठोके सुटतात ती जागा जाळणं) त्या कमी झाल्या की बहुतेकदा सुधारतो. म्हणून 24 तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि एको (हृदयाची सोनोग्राफी) करा, सोबत थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम. जागरण, जास्त चहा-कॉफी, घरी कोणी हौसेने दिलेला उर्राक (काजूची दारू), सध्या नको. चक्कर येऊन पडलात किंवा छातीत दुखलं तर मात्र रिपोर्टची वाट बघू नका, 108 लावा.

होल्टर लावलाय म्हणून दिवसभर पडून राहू नका हं, बाजार, जिना, स्वयंपाक सगळं करा आणि धडधडलं की वेळ लिहून ठेवा.