न दिसणारा ग्रह कसा दाखवावा?

प्रश्न : दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह डोळ्यांना दिसत नसताना ते सापडले, हे नववीच्या मुलांना कसे पटवून द्यावे? – एक शिक्षिका

उत्तर : अंधाऱ्या खोलीत दुधी काचेचा गोल दिवा लावून त्याच्यासमोरून दोऱ्याला बांधलेला चेंडू फिरवावा आणि मोबाइलच्या प्रकाशमापकावरील आकडे मुलांनाच आलेखावर मांडू द्यावेत, चेंडू आड येताच आलेखात पडणारा खळगा हीच ग्रहाची खूण. (१९९५ साली जाहीर झालेला ‘५१ पेगासी बी’ हा दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह मात्र त्याच्या ओढीमुळे होणाऱ्या ताऱ्याच्या डोलण्यावरून ओळखला गेला.) दुरून पाहणाऱ्याला गुरू सूर्यासमोरून जाताना प्रकाश सुमारे १ टक्का घटलेला दिसेल, पृथ्वीमुळे जेमतेम ०.००८ टक्के, एवढी सूक्ष्म घट टिपण्यासाठीच २००९ साली केपलर दुर्बीण अवकाशात पाठवली गेली. ही तफावत मुलांनी लहानमोठे चेंडू वापरून स्वतः मोजावी, असा माझा आग्रह आहे.