कापडी की हायब्रिड, आणि बांधणार कोण?

बाळ सात आठवड्यांचं होतं. आई माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा बाळ बाहेर आजीच्या खांद्यावर होतं आणि आईच्या मांडीवर एक पिशवी होती. तिने त्यातून आधी चौघडी कागद काढला, मग एक धुतलेलं, वाळलेलं कापडी डायपर. दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, यातलं एक ठरवून द्या. मला आता काहीच ठरवता येत नाहीये."

कागदावर मधोमध रेघ होती. डावीकडे 'पूर्ण कापडी', उजवीकडे 'हायब्रिड'. दोन्हीकडे फायदे-तोटे लिहिलेले, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. काही ओळी उतरत उतरत पार खालच्या ओळीत घुसल्या होत्या. रात्री तीन वाजता, बाळ छातीशी घेऊन एका हाताने लिहिलं की असंच होतं.

बाळंतपणानंतरच्या आयांबरोबर मी काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: पूर्ण कापडी मला झेपेल का? आणि हायब्रिड घेऊन त्यात फेकायचे पॅड घातले, तर मी बाळासाठी कुठे कमी पडतेय का? पहिल्या अर्ध्या प्रश्नाला सोपी उत्तरं आहेत. झोप उडते ती दुसऱ्या अर्ध्याने.

हायब्रिड म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पूर्ण कापडीचे प्रकार बरेच आहेत, पण शोषून घेणारा सगळा भाग कापडाचा असतो आणि सगळा धुवून पुन्हा वापरतात. हायब्रिडमध्ये बाहेर पाणी न झिरपणारं कव्हर आणि आत सुटा पॅड. तो पॅड कापडी धुवायचा असू शकतो किंवा एकदा वापरून टाकायचा. कव्हरला शी लागली नसेल तर ते पुसून, जरा वारं लागू देऊन पुन्हा वापरता येतं, फक्त पॅड बदलायचा. टाकायच्या पॅडमध्ये लाकडाचा लगदा आणि पाणी धरून ठेवणारं पॉलिमर असतं, त्यामुळे ओल आत ओढली जाते आणि त्वचेला कमी लागते.

तिने बाळ व्हायच्या आधीच ठरवलं होतं, पूर्ण कापडी. थोरल्या बहिणीने दोन्ही मुलांना तेच वापरलं होतं. दोन डझन एकदम आणून, धुवून, घड्या घालून ठेवले होते. पहिले काही आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यापासून गळायला लागलं. पाचव्यात पुरळ आलं. मग नवऱ्याने हायब्रिडची चार कव्हरं आणि टाकायच्या पॅडचं एक पाकीट आणलं. ते कपाटात तसंच बंद होतं.

"उघडलं का नाही?" मी विचारलं.

"उघडलं की मी हरले असं होईल."

हे वाक्य ऐकल्यावर डायपरचं बोलणं मी थोडा वेळ बाजूला ठेवलं. एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही दहा प्रश्नांची यादी बाळंतपणानंतरचं नैराश्य लवकर लक्षात यावं म्हणून वापरतात. ३० पैकी १३ किंवा जास्त गुण आले तर पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं, असा साधारण प्रघात आहे. तिचे ११ आले. 'काही बिघडलं की मी विनाकारण स्वतःला दोष देते', या अर्थाच्या प्रश्नाला तिने सगळ्यात वरचा पर्याय निवडला होता. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो मी कागदावर सोडत नाही, समोरासमोर, सरळ शब्दांत विचारते. तिथे काही नव्हतं. दोन आठवड्यांनी पुन्हा भरायचं ठरवलं, आणि मधल्या काळात जड वाटलं तर वाट न बघता फोन करायचा, हेही.

पुरळ बाळाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं का? दाखवलं होतं. ओलीने आणि घासल्याने आलेलं आहे, बुरशीचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. हा फरक महत्त्वाचा आहे. ओलीचं पुरळ बहुतेक वेळा डायपर जिथे टेकतो त्या फुगीर भागावर येतं आणि जांघेच्या घड्या वाचतात. बुरशीचं घड्यांमध्ये शिरतं, गडद लाल असतं आणि कडेने बारीक सुटे ठिपके दिसतात. त्याला वेगळं औषध लागतं. नुसत्या झिंकच्या मलमाने ते जात नाही. नजरेला फरक कळला तरी निदान डॉक्टरांनीच करायचं.

"पण कापडाने पुरळ येत नाही म्हणतात ना?" तिने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, फसवलं गेल्याचं दुःख होतं.

पुरळ ओल्या त्वचेला येतं, मग डायपर कुठलाही असो. शू आणि शी एकत्र आली की अमोनिया तयार होतो, त्वचेचा सामू वाढतो, म्हणजे तिचा आम्लपणा कमी होतो, आणि अशा वेळी शीमधली चरबी आणि प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स जास्त जोराने काम करतात. ती त्वचेलाच झोंबतात. त्यात ओल्या कापडाचं घासणं. म्हणून शी झाली की लगेच आणि एरवी दोन-तीन तासांनी बदलायचं, हा नियम दोन्ही प्रकारांना सारखाच लागू आहे. ती बदलत होतीच. अगदी काटेकोरपणे.

मी टेबलावरचा डायपर हातात घेतला. मऊ होता, नको इतका मऊ, आणि सुगंधी. माझ्या पेल्यात पाणी होतं. बोट बुडवून मी कापडाच्या मधोमध एक थेंब सोडला. थेंब तसाच बसून राहिला. अळूच्या पानावर बसतो तसा. कापड तिरकं केलं तर घरंगळून कडेला गेला आणि टेबलावर पडला.

ती बघत राहिली.

"धुताना काय घालता?"

"साबण. आणि मग शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर." मग हळूच, "बाळाला टोचू नये म्हणून."

सॉफ्टनर धाग्यावर पातळ लेप चढवतो. मऊपणा येतो तो त्यानेच, आणि कापड पाणी पीत नाही तेही त्यानेच. आठवडे गेले की थर साचत जातो. शू कापडात मुरण्याआधीच कडेने वाहते, आणि जी आत राहते ती त्वचेला चिकटून. पुरळावर लावायच्या दाट मलमांनीही असाच लेप बसतो, म्हणून मलम लावलं तर त्वचा आणि डायपर यांच्या मध्ये पातळ लायनर, म्हणजे सुटं अस्तर, घालावा. बाळाला टोचू नये या काळजीनेच ती गळती आणि ती लाली आली होती.

ती रडली. मी थांबवलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मीच केलं."

"कुणी सांगितलं होतं का तुम्हाला की सॉफ्टनर घालायचं नाही?"

"नाही."

"मग माहीत नव्हतं. चुकलं आणि माहीत नव्हतं, या दोन गोष्टी तुम्ही एकाच खात्यात टाकताय."

डायपर वाया गेले नव्हते. सॉफ्टनर बंद, साध्या पावडरीने लेबलवर चालतं म्हटलंय तितक्या गरम पाण्यात तीन-चार वेळा धुणं, भरपूर खळबळून काढणं. थेंब आत जायला लागला की झालं. लगे हात आणखी एक विचारलं: धुवायचे डायपर कशात ठेवता? पाणी भरलेल्या बादलीत, म्हणाली. ते मी त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. बाळ आज रांगत नाही, पण रांगायला लागेल तेव्हा सवय तीच राहते, आणि वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. शी झटकून टाकावी, डायपर थंड पाण्याखाली धरावा आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा.

इथपर्यंत येऊनही कागदावरची रेघ तशीच होती. गळती थांबेल, पण कापडी की हायब्रिड? डाव्या बाजूला पहिल्याच ओळीत 'पृथ्वी' लिहून तिने दोनदा अधोरेखित केलं होतं. हा विचार खरा आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. म्हणून मला जे माहीत आहे ते सांगितलं. ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारी पातळीवर झालेल्या अभ्यासात, सरासरी सवयी धरल्या तर कापडी आणि एकदा वापरून टाकायचे डायपर, दोन्हींचा हवामानावरचा भार जवळपास सारखा निघाला होता. कापडी पूर्ण भरलेल्या मशीनमध्ये धुतले, उघड्यावर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरले, तर भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरत होता. २०२३ मध्ये तिथेच आलेल्या नव्या अहवालात कापडी बाजूचा भार टाकायच्या डायपरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे कापड सरस आहे, पण किती सरस ते धुण्या-वाळवण्यावर ठरतं. आणि रात्रीला एक पॅड टाकला म्हणून उरलेल्या नऊ-दहा कापडी पॅडचं पुण्य बुडत नाही.

मग मी तिला घरचा अभ्यास दिला. तीन दिवस. दर वेळी डायपर बदलला की कागदावर वेळ आणि कुणी बदलला त्याचं पहिलं अक्षर. बाकी काही लिहायचं नाही, फायदे-तोटे तर अजिबात नाहीत.

पुढच्या आठवड्यात नवराही सोबत आला. कागदावर ३२ नोंदी होत्या. २९ तिच्या. आजीच्या दोन, त्याची एक.

ते आकडे बघून तोच आधी बोलला. "मला ती घडी जमत नाही. मी बांधला की कडेने सुटतो, मग ही येते आणि परत बांधते. मग मी जातच नाही."

"मी परत बांधते कारण गळतं," ती म्हणाली.

"गळतं ते माहीतच आहे ना आता, कशाने गळत होतं."

दोघं गप्प झाले. मला जे म्हणायचं होतं ते या संवादातच येऊन बसलं होतं. बरीच घरं डायपर निवडतात ती कापड किती चांगलं, बाळाला किती छान, पर्यावरणाला किती बरं हे बघून. हे सगळं बघावंच. पण सात आठवड्यांच्या बाळाच्या घरात मी सगळ्यात वर एक प्रश्न ठेवते: हा डायपर आईशिवाय आणखी कुणाला बांधता येतो? दिवसाला दहा-अकरा वेळा करायचं काम एकाच माणसाला येत असेल, तर डायपर कितीही उत्तम असो, त्या घरासाठी तो चुकीचा आहे.

कपाटातलं पाकीट त्यांनी सोबत आणलं होतं. बाळालाही. मी टेबलावर दुपटं अंथरलं आणि नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बांधा. मी सांगितल्यावर कव्हरमध्ये त्याने तिच्याच घडीच्या कापडांपैकी एक लांबट घडी करून ठेवलं, कारण हायब्रिडच्या कव्हरमध्ये तेही चालतं आणि हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. टिचबटणं लावली. मग मी दाखवलं: मांडीच्या बाजूचं इलॅस्टिक बरोबर जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, आणि तर्जनी कडेने फिरवून बघायचं की आतलं कापड कुठे बाहेर डोकावत नाही ना. डोकावलं की ते वातीसारखी ओल बाहेर ओढतं. कमरेला दोन बोटं सहज जावीत. इलॅस्टिकचा फिकट वळ उठला आणि थोड्या वेळात गेला तर हरकत नाही. खोल, टिकणारा वळ म्हणजे घट्ट झालंय.

त्याने बोट फिरवलं. एका बाजूला कापड डोकावत होतं, ते आत सारलं. ती खुर्चीच्या कडेवर आली होती, हात पुढे आले होते. पण उठली नाही. तो क्षण तिच्यासाठी सोपा नव्हता, हे मला दिसत होतं.

त्यांनी ठरवलं ते असं: दिवसा कव्हर आणि आत कापड, रात्रीच्या लांब झोपेला आणि बाहेर जाताना टाकायचा पॅड, बाकीचे कापडी डायपर आजी घरी वापरेल कारण तिचा हात त्यावर बसलाय. ना पूर्ण कापडी, ना पूर्ण हायब्रिड. आणखी दोन कव्हरं घ्यावी लागली, कारण चारात दिवस निघत नव्हता. मी सगळ्यांना हेच सांगते, दोन डझन एकदम घेऊ नका. दोन-तीन प्रकारांचे एक-दोन नग घ्या, आठवडाभर वापरा, मग भर घाला. एकच माप सगळ्या वयांना म्हणून विकलेले डायपर अगदी नवजात बाळाच्या बारीक मांड्यांना बहुधा सैल होतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यातल्या गळतीवरून निकाल लावू नका. आणि नवं सुती किंवा बांबूचं कापड पाच-सहा धुण्यांनंतर नीट शोषायला लागतं.

तिसऱ्या भेटीला प्रश्नावलीचे गुण ६ आले. पुरळ गेलं होतं. तिने नोंदींचा कागद मी न मागता आणला होता. या वेळी नवऱ्याची अक्षरं अकरा, आजीची सात, बाकी तिची. रात्री दोनच्या नोंदीपुढे नवऱ्याचं अक्षर होतं, आणि त्याच्या बाजूला तिच्या हाताने, सरळ ओळीत लिहिलेलं, 'मी झोपले होते.'