दोषमुक्ती, निर्दोष मुक्तता आणि अपील

प्रश्न : खुनाच्या खटल्याच्या बातमीत ‘दोषमुक्तीविरुद्ध शासनाचे अपील’ असे वाचले. दोषमुक्ती म्हणजेच निर्दोष मुक्तता ना? आणि अपील की अपिल?

कायद्याच्या मराठीत दोन्ही एकच. वर्तमानपत्री मराठीत बरेचदा नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या मराठी पाठात खटला पूर्ण चालून आरोपी सुटला की ती ‘दोषमुक्ती’. आरोपनिश्चितीआधीच (न्यायालयाने आरोप ठरवण्याआधी), पुरेसा आधार नाही म्हणून सोडले, तर ‘विनादोषारोप सोडणे’. हा प्रयोग जिभेला जड. बातम्यांत त्याच्या जागी ‘दोषमुक्त’ आले आणि खऱ्या दोषमुक्तीला ‘निर्दोष मुक्तता’ म्हणू लागले. घोळ इथला आहे. आरोपनिश्चितीआधी सुटलेल्याला ‘आरोपमुक्त’ लिहावे, म्हणजे प्रश्नच मिटतो.

फरक नुसता शब्दांचा नाही. आरोपमुक्त झालेल्यावर नवा पुरावा मिळाल्यास पुन्हा खटला चालू शकतो. दोषमुक्ताला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभे करता येत नाही. तो निकाल फिरवून दोषी ठरवायचे तर अपीलच हवे, पुनरीक्षणात (वरच्या न्यायालयाने केलेल्या निकालाच्या फेरतपासणीत) तसे करता येत नाही. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात (१९५९) शासनाने अपील केले, असे सर्रास लिहितात, तेही चूक. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘दोषी नाही’ म्हटले, पण सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण निर्णयासाठी उच्च न्यायालयाकडे निर्देशित केले. दोषमुक्तीचा आदेश झालाच नव्हता.

दोषसिद्धी (दोषी ठरणे) आणि शिक्षा हेही वेगळे शब्द. दोषसिद्धी कायम राहून शिक्षा कमी होऊ शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आरोपीचे अपील कलम ४१५ खाली. उच्च न्यायालयात मुदत ६० दिवस, फाशी असेल तर ३०. शासनाचे अपील कलम ४१९ खाली. मुदत ९० दिवस, शिवाय उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मृताच्या वारसांनाही २००९ च्या अखेरीपासून दोषमुक्तीविरुद्ध अपिलाचा हक्क आहे.

‘अपील दाखल करून घेतले’ म्हणजे ते सुनावणीस घेतले, एवढेच. ‘मंजूर’ म्हणजे अपील करणारा जिंकला. त्यामुळे ‘अपील मंजूर’ एवढाच मथळा अपुरा : आरोपीचे मंजूर झाले तर तो सुटतो किंवा शिक्षा घटते, शासनाचे झाले तर सुटलेला तुरुंगात जातो. कोणाचे ते लिहायलाच हवे.

शुद्धलेखन : ते अपील, पण अपिलात, अपिलावर, अनेक अपिले, जमीन–जमिनीत तसे. समासात दीर्घच : अपीलकर्ता.