टाके, लस अन् घरचं पथ्य

प्रश्न : मॅडम, आमच्या मामंजीच्या पाठीवरची चरबीची गाठ काढली, आज आठवा दिवस आहे. दोन दिवसापासून टाक्याच्या खालून पिवळं पाणी येऊ लागलंय, बनियनला डाग पडायलेत, अन् खालचा एक टाका सैल झाल्यावानी दिसतोय. त्यांना शुगर आहे. आत्याबाई म्हणतेत भात, वरण, अंडी, आंबट काहीच द्यायचं नाही, त्यानं पू होतो, म्हणून नुसती भाकर अन् चटणी चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतेत हळद भरा. दवाखाना अंबाजोगाईला, इथून लांब पडतो, पेरणीचे दिवस आहेत, घरात गडीमाणूस नाही. टाके काढायला बाराव्या दिवशी बोलावलंय, तवर थांबलं तर चालेल का?
— एक सून, धारूर तालुका

उत्तर : ताई, बाराव्या दिवसापर्यंत थांबू नका, आज नाहीतर उद्या सकाळी दाखवाच. घाबरवायला नाही म्हणत, पण शुगरचा माणूस, सैल टाका अन् सहाव्या दिवसानंतर नव्यानं सुरू झालेलं पाणी, हे तिन्ही एकत्र आलं की जखम कुणीतरी जाणत्यानं डोळ्यानं बघायला पाहिजे. अंबाजोगाईलाच जावं लागेल असंही नाही, आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथं ड्रेसिंग होतं, अन् पुढं पाठवायची गरज असेल तर तेच सांगतील. ऑपरेशनचा कागद अन् गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

आता ते पिवळं पाणी. गाठ निघाली की तिच्या जागी आत पोकळी राहते, त्यात लस, म्हणजे टोचायची नाही, अंगातून पाझरणारं पिवळसर पाणी, साठते अन् कधीकधी टाक्याच्या फटीतून बाहेर येते. ती लस पातळ असते, वास नसतो, कापडावर फिकट पिवळा डाग पडतो. पू असला तर घट्ट, पांढरट-हिरवट असतो, वास मारतो. धुतलेलं पांढरं सुती कापड किंवा मेडिकलमधली गॉज जखमेवर हलकी टेकवून बघा, दाबून पिळू नका, काय आलं ते लगेच कळतं. दुसरं एक करा, जखमेच्या भोवती जिथपर्यंत लाली आहे तिथं साध्या बॉलपेननं रेघ मारा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली असली, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला असला, हात लावला की गरम लागत असलं, ताप किंवा थंडी वाजून आली, तर मग पेरणी असो की आणखी काही, त्याच दिवशी दवाखाना, रात्र झाली असली तरी. पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडी लाली सगळ्यांनाच असते, पण ती रोज कमी होत गेली पाहिजे. जखम चिघळते ती बहुतेक पाचव्या ते दहाव्या दिवसात, तुम्ही नेमक्या त्याच दिवसात आहात म्हणून एवढं सांगायलेय.

टाका सुटला अन् जखमेचं तोंड थोडं उघडलं तर लगेच परत टाके घालतीलच असं नाही. आत पू असला तर मुद्दाम उघडी ठेवतात अन् रोज ड्रेसिंग करून खालून वर भरू देतात. वेळ लागतो पण जखम भरते, डॉक्टरांनी काम टाळलं असं समजू नका.

हळद, राख, चुना, तूप, यातलं काहीही जखमेत नको. डब्यातल्या हळदीत माती, जंतू काय असेल सांगता येत नाही, अन् एकदा ती भरली की खाली लाली आहे का पू आहे हे आम्हालाही दिसत नाही. शेजारच्या काकूंच्या मनात काही वाईट नाही, हळद दुधात घालून द्या म्हणावं.

पथ्याचं मात्र मी जरा ठासून सांगते, कारण आपल्याकडं जखमेचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. वरण खाल्ल्यानं पू होत नाही, अंड्यानं होत नाही, लिंबानंही नाही, पू होतो जंतूंमुळं. नवी कातडी प्रथिनांतून तयार होते अन् तिचे धागे विणायला सी जीवनसत्त्व लागतं, म्हणजे आत्याबाईंनी जे जे बंद केलंय तेच नेमकं लागतंय. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. अंडी चालत नसतील तर घट्ट वरण, पिठलं, मटकी, दही, शेंगदाणे, लिंबू, पेरू द्या. भात शुगरमुळं बेतानं द्या, जखमेमुळं नाही. किडनीचा त्रास असला तर तेवढं डॉक्टरांना विचारून. आत्याबाईंना दुखवू नका, त्यांना सोबत दवाखान्यात न्या अन् डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, घरात वाद होण्यापेक्षा ते बरं.

शुगर तपासून घ्या, २०० च्या वर राहत असेल तर जखम लवकर भरत नाही, अन् जंतूंना रान मोकळं. तंबाखू, गुटखा, बिडी काही असेल तर निदान हा महिना बंद, त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात अन् जखमेला रक्तच पोचत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका अन् मेडिकलवाल्याला विचारून नवीन गोळ्याही सुरू करू नका.

अन् टाके निघाले म्हणजे झालं असं नाही. जखम नवीन लिंपलेल्या भिंतीसारखी असते, वरून वाळलेली, आतून ओली. दोन आठवड्यांनी तिथं मूळ कातडीच्या जेमतेम १० टक्के ताकद असते, दीड महिन्यानं निम्मी, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, पूर्ण पहिल्यासारखी ती कधीच होत नाही. म्हणून मामंजींच्या पाठीवर फवारणीचा पंप इतक्यात चढू देऊ नका. भरलेला पंप १६ लिटरचा, त्याचा पट्टा अन् टाकी नेमकी जखमेवर घासणार, वरून औषधाचं पाणी गळणार. बियाण्याची पोतीही नको. कधी सुरू करायचं ते टाके काढणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. यंदा मजूर लावावा लागला तरी लावा.

प्रश्न : माझ्या दंडावरची गाठ काढून दीड महिना झाला, विरघळणारे टाके होते. आता वणाच्या टोकाला पुटकुळी आली अन् त्यातून पांढरा दोरा डोकावतोय, खाजही लई सुटते. ओढून काढू का?
— औसा

उत्तर : ओढू नका. आतला दोरा पूर्ण विरघळायला दोन महिन्यांच्या पुढं-मागं लागतात, कधी कधी तेवढ्यात शरीर त्याचा तुकडा बाहेर ढकलतं. डॉक्टर चिमट्यानं धरून कात्रीनं कापतात, पाच मिनिटांचं काम आहे. खाज हे जखम भरत असल्याचं लक्षण, जखम पूर्ण मिटलेल्या जागी खोबरेल लावा, नखं लावू नका. वण जाड अन् उंच होत मूळ जखमेच्या बाहेर पसरू लागला तर मात्र कातडीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, जुना झाला की आवरत नाही. उन्हात वण काळा पडतो, बाही लांब घाला.

प्रश्न : टाके असताना अंघोळ करावी का? इकडं ४२-४३ डिग्री ऊन आहे, घामानं पट्टी भिजते.
— जिंतूर

उत्तर : साधी कोरडी जखम असेल अन् डॉक्टरांनी मना केलं नसेल तर ४८ तासांनी अंगावर पाणी घेता येतं. भिजलेली पट्टी पाण्यापेक्षा वाईट, घामानं ओली झाली की बदला, बदलायच्या आधी हात साबणानं धुवा. टँकरचं साठवलेलं पाणी असेल तर जखमेपुरतं उकळून गार केलेलं वापरा, घासू नका, स्वच्छ कापडानं टिपून घ्या. विहिरीत, कालव्यात उतरणं टाके निघून जखम पूर्ण मिटेपर्यंत बंद.