हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन : २७.२ की १३.६?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. हायड्रोजन अणूत इलेक्ट्रॉनच्या जागचे विद्युत विभव (एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा) तिने काढले, तर ते २७.२ व्होल्ट आले. पुस्तकात मात्र इलेक्ट्रॉन अणूबाहेर काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (एक व्होल्ट विभवांतर ओलांडताना इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट) पुरतात असे दिले आहे. निम्म्याचा हा फरक कसा पडतो? विभव काढताना इलेक्ट्रॉनचा स्वतःचा प्रभारही धरायचा का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दुसरी शंका आधी घेऊ. स्वतःचा प्रभार धरायचा नाही. बिंदुरूप इलेक्ट्रॉनचे स्वतःपासूनचे अंतर शून्य असल्याने उत्तर अनंत येईल. हायड्रोजनमध्ये मग उरतो एकटा प्रोटॉन. अंतर नॅनोमीटरमध्ये घेतले, तर त्याचे विभव व्होल्टमध्ये १.४४ भागिले अंतर इतके भरते (हा आकडा पाठ असला की दहाच्या ऋण घातांकांशी झटापट करावी लागत नाही), आणि बोर त्रिज्या, म्हणजे बोरच्या प्रतिमानातील सर्वांत आतल्या कक्षेची त्रिज्या, ०.०५२९ नॅनोमीटर असल्यामुळे ते २७.२ येते. मुलीचे गणित बरोबरच आहे. मात्र इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असल्याने त्याची स्थितिज ऊर्जा उणे २७.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते, आणि वर्तुळाकार कक्षेच्या गणितात गतिज ऊर्जा तिच्या निम्मी, पण धन निघते. बेरीज उणे १३.६, तेवढीच भरून काढली की इलेक्ट्रॉन सुटतो.

पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) ठरलेली कक्षा नसते, तरीही २७.२ हा आकडा टिकतो, आणि नेमके इथे चांगले विद्यार्थीही फसतात. मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत इलेक्ट्रॉनचे केंद्रकापासूनचे सरासरी अंतर दीड बोर त्रिज्या असते. ते सूत्रात घातले की विभव सुमारे १८.१ व्होल्ट येते, जे चूक आहे. सरासरी अंतराची नव्हे, तर अंतराच्या व्यस्ताची (एक भागिले अंतर) सरासरी काढावी लागते, कारण केंद्रकाजवळच्या जागांचा त्या व्यस्तात फार मोठा वाटा असतो. ही सरासरी बोर त्रिज्येच्या व्यस्ताइतकीच भरते.

हेलियमपासून प्रकरण अवघड होते. दोन इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण सोडून दिले तर एकूण ऊर्जा उणे १०८.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, प्रत्यक्षात ती सुमारे उणे ७९ आहे. अशा अणूंसाठी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डग्लस हार्ट्री यांनी १९२८ मध्ये मांडलेली रीत अशी, की प्रत्येक इलेक्ट्रॉनवर केंद्रकाचे आणि बाकीच्या इलेक्ट्रॉनांच्या पसरलेल्या प्रभाराचे विभव धरायचे, त्यातून इलेक्ट्रॉनांची नवी मांडणी काढायची, आणि उत्तर बदलायचे थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचे. स्वतःचा प्रभार तिथेही वगळलेलाच असतो.