नकाराच्या पत्राला तीन वर्षं होण्याआधी

पारोळा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात ११०व्या मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि कुतच्या वेढ्यानंतर परतले नाहीत. घरात राहिलं ते एवढंच: तीन पदकं, ब्राँझची एक स्मृतिचकती आणि १९१५ साली बसऱ्याहून आलेलं मोडीतलं पत्र. २००९ मध्ये वाचकांच्या वडिलांनी हे सगळं तालुक्याच्या गावी एका निवृत्त गुरुजींनी उभ्या केलेल्या संग्रहालयाकडे दिलं. पुढे वडील गेले, गुरुजीही गेले. नवं विश्वस्त मंडळ म्हणतं, वस्तू संस्थेच्या मालकीच्या झाल्या. वाचकांनी लेखी मागणी केली, लेखी नकार आला, आणि त्याला आता दोन वर्षं आठ महिने झाले. 'पोलिसांत तक्रार करू की ग्राहक आयोगात जाऊ?' असं ते विचारतात.

दोन्हीकडे नको, दिवाणी न्यायालयात जा. आणि तेही चार महिन्यांच्या आत. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. बाकीचं का आणि कसं, ते सांगतो.

असे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात. कुणाच्या आजोबांचा १९७२ चा ताम्रपट असतो, कुणाच्या घरातली बेचाळीसची पत्रकं असतात, कुणाच्या काकांचा १९७१ च्या लढाईतला गणवेश. देताना भरवसा माणसावर असतो, गुरुजींवर, अण्णांवर, जिभाऊंवर. कागद म्हणजे अविश्वास असं वाटून कुणी कागद करत नाही. तो माणूस गेला की मागे संस्था उरते, आणि संस्थेला तोंडी शब्द आठवत नाहीत. या वस्तूंचं तुमच्या घराला काय मोल आहे ते तुम्ही तीन पानं लिहिलं आहे. ते मी वाचलं, मला ते मान्य आहे, त्यावर आणखी लिहीत नाही.

तुमचं नशीब की वडिलांनी पावती घेतली. तिची झेरॉक्स माझ्यासमोर आहे. वर छापलेलं आहे: 'आपणाकडून खालील वस्तू सप्रेम भेट मिळाल्या.' खाली निळ्या शाईत गुरुजींच्या हातचं: 'पितळी थाळी १, पदके ३, जुने पत्र १. मागाल तेव्हा परत.' आणि सही. विश्वस्त मंडळ छापील ओळीवर बोट ठेवतं, आणि त्या ओळीत दम आहे. जंगम वस्तूची भेट द्यायला नोंदणी लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे ताबा दिला तरी ती पुरी होते, आणि पुरी झालेली भेट देणाऱ्याला मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. हाताने लिहिलेली ओळ नसती तर मी तुम्हाला 'विसरा' म्हणालो असतो.

पण ती ओळ आहे. छापील मजकूर आणि हाताने लिहिलेला मजकूर एकमेकांच्या विरोधात गेले, तर हाताने लिहिलेल्याला जास्त वजन, असा अर्थ लावण्याचा जुना नियम आहे. छापील नमुना सगळ्यांसाठी एकच असतो, हाताने लिहिलेलं त्या माणसासाठी मुद्दाम लिहिलेलं असतं. 'मागाल तेव्हा परत' असं भेटवस्तूबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणजे ही ठेव आहे. करार कायद्याच्या कलम १४८ मधला निक्षेप, तोही विनामोबदला. अशी ठेव कलम १६२ प्रमाणे देणारा किंवा ठेवून घेणारा यांच्यापैकी कुणाच्याही मृत्यूने संपते. वडिलांच्या पश्चात संस्थेला त्या वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क उरला नाही, असा तुमचा युक्तिवाद असेल. न्यायाधीश तो मान्य करतीलच असं मी म्हणत नाही. पण लढण्याजोगा आहे.

आता ज्या एका गोष्टीवर सगळं अडलं आहे, तिच्याकडे येतो.

मुदत कायदा, १९६३ च्या अनुसूचीत अनुच्छेद ७० आहे. ठेव म्हणून दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षं, आणि ती मोजायची 'मागणीनंतर नकार दिल्याच्या तारखेपासून'. २००९ पासून नाही, वडील गेले त्या दिवसापासूनही नाही. मागणी केली आणि नकार मिळाला, तिथून. या अनुच्छेदाने नकाराआधीच्या सगळ्या वर्षांची तुमची ढिलाई माफ केली आहे. त्यानंतरची ढिलाई मात्र तो एका दिवसाचीही माफ करत नाही.

इथे मला तुमच्यावर रागवावंसं वाटतं, आणि रागावतो. हातात लेखी नकार आल्यावर तुम्ही पहिली दिवाळी 'घरात कार्य आहे' म्हणून घालवली, दुसरी 'कापसाचे भाव पडले' म्हणून. मधल्या काळात संस्थेला आणखी तीन स्मरणपत्रं पाठवलीत आणि तुम्हाला वाटलं, प्रकरण जिवंत आहे. स्मरणपत्राने मुदत वाढत नाही. नवी नोटीस दिली म्हणून तीन वर्षं नव्याने सुरू होत नाहीत. अपिलाला उशीर झाला तर कलम ५ खाली माफी मागता येते, दाव्याला ते कलम लागूच होत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाने स्वतःहून दावा फेटाळायचा असतो. आणि कलम २७ तर पुढे जाऊन सांगतं की ताब्याच्या दाव्याची मुदत संपली की त्या मालमत्तेवरचा हक्कही संपतो. मग पणजोबांचं नाव कोरलेली चकती कायद्याने संस्थेची.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. सासऱ्यांची तलवार एका संस्थेकडे होती. पावती चोख, 'ठेव' हा शब्द स्पष्ट. नकाराला तीन वर्षं आणि एकोणीस दिवस झाले होते. मी ती पावती दोनदा वाचली आणि त्यांना परत दिली. त्यानंतर कुणी 'पत्र आलं होतं, ठेवून दिलं' म्हटलं की मला आधी तारीख विचारायची सवय लागली.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला जास्त काळजीत टाकतं. 'त्याआधीही दोन-तीनदा तोंडी विचारलं होतं.' तेव्हा उत्तर काय मिळालं होतं? 'देखूत', 'पुढच्या बैठकीत ठेवतो', असं काही असेल तर तो नकार नाही, टोलवाटोलवी आहे. मात्र गुरुजींच्या उत्तरकार्याच्या दिवशी कुणी विश्वस्त चारचौघांत 'आता ते संस्थेचं, मिळणार नाही' असं म्हणाला असेल, तर तिथूनच तीन वर्षं मोजायची, असं समोरचा वकील म्हणेल. अनुच्छेदात नकार लेखीच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. आपल्या वकिलाला हे खरं खरं सांगा. लपवलेलं उलटतपासणीत बाहेर येतं, तेव्हा सावरायला जागा राहत नाही.

मुदत मोजताना नकाराचं पत्र तुमच्या हातात पडल्याच्या तारखेवर विसंबू नका. पत्रावर घातलेल्या तारखेपासून मोजा आणि त्याच्या महिनाभर आधी दावा दाखल करा. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येतो, पण ती सवलत अडल्यानडल्यासाठी आहे, बेत आखण्यासाठी नाही.

दावा कुणावर? एकट्या 'संस्थे'वर नको. सार्वजनिक न्यासाच्या बाबतीत सगळे विश्वस्त प्रतिवादी करावे लागतात. त्यांची नावं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीत, परिशिष्ट एकवर असतात. त्याच्या प्रमाणित प्रतीसाठी उद्याच अर्ज करा. गुरुजींच्या निधनानंतरचा, विश्वस्तांची नावं बदलून घेण्याचा 'बदल अर्ज' कदाचित अजून मंजूरच नसेल. हे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात, मयत माणूस कागदावर विश्वस्त म्हणून राहतो आणि कारभार करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. याचा त्रास संस्थेपेक्षा तुमच्यासारख्यांना होतो. कागदावरचे हयात विश्वस्त आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे, दोघांनाही सामील करा. त्याच नोंदवहीत संस्थेच्या जंगम मालमत्तेत तुमच्या वस्तू दाखवल्या आहेत का तेही बघा. नसतील तर ते तुमच्या फायद्याचं. धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते असा आक्षेप येईल. माझ्या मते लागत नाही, कारण तुम्ही न्यासाच्या कारभाराबद्दल नाही, स्वतःच्या वस्तूंबद्दल दाद मागता. तरी त्यावर वाद होऊ शकतो, हे मनात ठेवा.

तुमच्या सुरतच्या काकांचाही या वस्तूंवर वारसा आहे. त्यांना सहवादी करा, ते तयार नसतील तर प्रतिवादी करा. पण त्यांची समजूत घालण्यात महिने घालवू नका.

पैशांऐवजी वस्तूच का हवी, हे दाव्यात नीट लिहावं लागेल. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, भरपाईने जिची जागा भरून निघत नाही अशी वस्तू प्रत्यक्ष परत करण्याचा आदेश मिळू शकतो. तुमच्याकडे त्यासाठी भक्कम गोष्ट आहे. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण त्यात साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली किती मेले तो आकडा आहे, बस. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची जाहीर कबुली दिली. म्हणजे तुमच्या पणजोबांचं नाव धातूत उठलेलं आहे ते त्या चकतीवर. साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची, उभी ब्रिटानिया (ब्रिटनचं स्त्रीरूप), शेजारी सिंह, आणि चौकटीत नाव. हुद्दा मुद्दामच घातलेला नसतो, मेलेले सगळे सारखे म्हणून. हे न्यायाधीशांना सांगा, साध्या शब्दांत.

पण मग पावतीवर 'पितळी थाळी १' का लिहिलं? याची मला खरोखर हळहळ वाटते. ना नाव, ना आकार, ना फोटो. उद्या दुसरीच कुठली थाळी पुढे करून 'ही घ्या' म्हटलं तर? सुदैवाने तुम्ही पाठवलेल्या लग्नाच्या जुन्या फोटोत मागच्या भिंतीवर चकती टांगलेली दिसते. तो फोटो मूळ जपा. दुसरं, चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, १९१४-१५ च्या तारा-पदकाच्या पाठीवरही असते. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पणजोबांची नोंद शोधा. आडनाव वेगळ्याच स्पेलिंगने असेल, तीन-चार तऱ्हांनी शोधून पाहा आणि पान छापून घ्या. तो नंबर आणि पदकाच्या कडेवरचा नंबर जुळला की ओळख पटली. त्यासाठी दाव्यासोबतच वस्तू प्रत्यक्ष पाहून न्यायालयाला अहवाल देणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा आणि वस्तू हलवू नयेत म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. निकालाला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही. तोवर वस्तू जागेवर राहतील एवढं पहिल्या महिन्यातच बघा.

'विकून टाकतील' ही तुमची भीती अगदीच निराधार नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक मोल असलेला पंचाहत्तर वर्षांहून जुना कागद, पुरावस्तू ठरतो. त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. तुमचं मोडी पत्र यात बसेल असं मला वाटतं, पदकंही बहुधा. पण मालक कोण, हे हा कायदा ठरवत नाही. त्याच्या मागे लागून मुदत घालवू नका.

पोलिसांचं म्हणाल तर विश्वासघाताची तक्रार होऊ शकते. पण छापील 'सप्रेम भेट' दिसताच ठाण्यात 'हे दिवाणी आहे' असं सांगून परत पाठवतील. पैसे देऊन सेवा घेतलेली नाही, म्हणून ग्राहक आयोगाचा प्रश्नच नाही. गावच्या चावडीतली शिळाही त्याच संग्रहालयात गेल्याचं तुम्ही लिहिलं आहे, तो विषय वेगळा. ती तुमच्या घराची नाही, ग्रामपंचायतीची आहे. ती संग्रहालयात कोणत्या ठरावाने गेली, तो ठराव माहितीच्या अधिकारात मागा. या दाव्यात तो विषय आणू नका.

तडजोड करावी का? जरूर करा. माझीही इच्छा तीच आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गेल्यावर धुळ्यात लोकांनी १९२७ मध्ये त्यांच्या कागदांसाठी संशोधन मंडळ उभं केलं. ज्या मुलखाने हे केलं, तिथली ही चकती घरच्या कपाटापेक्षा लोकांसमोर असावी असं मला मनापासून वाटतं. संस्थेने लिहून द्यावं की मालकी तुमच्या कुटुंबाची आहे, वस्तू प्रदर्शनासाठी ठेव म्हणून आहेत आणि मागणीनंतर ठरावीक दिवसांत परत मिळतील. सोबत प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो, आणि विश्वस्त मंडळाचा ठराव. मात्र मुदत संपण्याआधी सह्या झालेला असा कागदच मुदत कायद्याच्या कलम १८ खाली कबुली म्हणून चालेल आणि तिथून नवी मुदत मिळेल. संपल्यावर केलेली कबुली या कलमाखाली उपयोगाची नाही. बोलणी सुरू आहेत म्हणून दावा थांबवू नका. दावा दाखल करा आणि बोलणी चालू ठेवा.

शेवटचं. पावती लॅमिनेट केलीत ते चुकलं. शाई तपासायची वेळ आली तर अडचण होईल. आता प्लास्टिक सोलायचा प्रयत्न करू नका, आहे तशी वकिलाकडे द्या. आणि नकाराचं पत्र ज्या रजिस्टर पाकिटातून आलं, ते पाकीट शोधा. टपालाच्या शिक्क्यावर तारीख आहे.